एलरकांपांचा नकाशा

रोल्फनं नकाशा भिंतीवर टांगला तेव्हा मी कॉफीत आणखी एक चमचा साखर ढवळत होते, आणि ती काही केल्या गोड होत नव्हती.

"आत्या, बघ तरी," सारंग म्हणाला. "किती मेहनतीनं केलंय त्यानं."

मी बघितलं. जर्मनीचा भला मोठा नकाशा, दाराएवढा. त्यावर लाल ठिपके. वरच्या अंगाला, डावीकडं, एका जागी ते इतके दाट की गोवर उठल्यासारखा दिसत होता. खाली कोळशाच्या खाणींच्या मुलखात थोडे, मोठ्या शहरांत दोनचार, बाकी सगळा देश मोकळा. कोपऱ्यात अमेरिकेचा छोटा नकाशा चिकटवला होता. त्यातही मूठभर ठिपके होते.

रोल्फ बोलायला लागला की सारंग मला मराठीत करून सांगायचा. "एकेक ठिपका म्हणजे एकेक घर. ज्याच्या दारावर एलरकांप हे आडनाव आहे ते. तो म्हणतो, हे नाव जगात दुसरीकडून कुठून आलेलंच नाही. आपण बसलोय ना, ह्या शेतावरून सगळे गेलेत."

"आणि उद्या हे सगळे ठिपके इथं जेवायला येणार?"

"सगळे नाहीत. शंभरेक येतील."

"मग त्याला म्हणावं, नकाशा राहू दे, खुर्च्या मोज."

सारंगनं हे भाषांतर केलं नाही. पण त्याच्या गेसाला मराठी थोडं थोडं कळायचं. ती तोंडावर हात धरून हसली.

याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मला नुकतंच साठावं सरलं होतं. तासगावात माझं खत-बियाणांचं दुकान आहे. नवरा गेल्यावर मी एकटीनं चालवलं, आणि चांगलं चालवलं. बियाणं उगवलं नाही म्हणून तावातावानं भांडायला आलेला माणूस माझ्यासमोर बसला, की चहा पिऊन पुढच्या हंगामाचं बियाणं घेऊनच उठतो. हे सांगायचं कारण एवढंच, की माझ्या भावानं मला सातासमुद्रापार धाडलं ते उगाच नाही.

भाऊ म्हणजे विलास बोरगावकर, माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. सारंग त्याचा एकुलता एक. शेतीच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला पोरगा जर्मनीला गेला, तिथंच नोकरीला चिकटला आणि गेसा नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीशी त्याचं जमलं. इथवर कुणाचीच ना नव्हती. गेसा तासगावला येऊन गेली होती, विलासच्या द्राक्षाच्या बागेत अनवाणी हिंडली होती, माझ्या भावजयीकडून भाकरी थापायला शिकली होती. तिची भाकरी गोल व्हायची नाही, पण टम्म फुगायची. घोडं अडलं ते भलतीकडंच.

गेसाही एकुलती. तिला आई नव्हती. बाप, बेर्न्ट त्याचं नाव, त्याच्याकडं गायींचा मोठा गोठा आणि नजर पोचणार नाही एवढं शेत. त्यानं सांगितलं, शेत तुम्हा दोघांचं, पण जावयानं लग्नात आमचं आडनाव घ्यायचं. सारंग बोरगावकरचा सारंग एलरकांप व्हायचा. ते जमत नसेल तर शेत रोल्फच्या मुलाला. रोल्फ हा गेसाच्या मेलेल्या आईचा चुलतभाऊ. निवृत्त इंजिनियर, एलरकांप मंडळाचा अध्यक्ष. सुट्टी मिळाली की लोक समुद्रावर जातात, हा कबरस्तानात जाऊन आडनावं उतरवून घ्यायचा.

सारंग तयार होता. पण त्यानं गेसाला स्वच्छ सांगितलं होतं, बाबा हो म्हणाले तरच. बाबा फोनवर जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर बापलेकाचं बोलणंच बंद झालं. शेवटी एके दुपारी विलास माझ्या दुकानात येऊन युरियाच्या पोत्यावर बसला.

"अक्का, तू जाऊन ये. ते त्यांचं संमेलन का काय असतंय, त्यात म्हातारा सगळ्यांसमोर सांगणार हाय शेत कुणाला ते. तू बघ, तू ठरव. तू म्हणशील ते मला मान्य."

"आणि मी हो म्हणून आले तर?"

"तू न्हाई म्हणणार हो," तो म्हणाला. "बोरगावकरांची लेक हायस."

मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. तसं बघितलं तर आम्ही बोरगावकर म्हणजे नेमक्या कुठल्या बोरगावचे, ते आमच्या आजोबांनाही सांगता यायचं नाही. चार बोरी उगवल्या की आपल्याकडं एक बोरगाव होतं. पण म्हणून काय झालं? पोरानं बायकोचं आडनाव लावलं हे कळल्यावर गावातली माणसं विलासला पारावर गाठून काय काय विचारतील, ते मला बसल्या जागी ऐकू येत होतं. विमानात बसले तेव्हाच माझं ठरलं होतं. पोराला चार गोष्टी समजावायच्या, शेत गेलं तर जाऊ दे म्हणायचं, आणि गेसाला आपल्याकडं आणायचं.

गंमत म्हणजे, अख्ख्या जर्मनीत माझ्या भावाला एकच माणूस शंभर टक्के पटला असता, तो म्हणजे रोल्फ. नकाशावर पसरलेला पंजा ठेवून तो म्हणाला, "नाव रक्ताबरोबर चालतं. हा मुलगा सज्जन आहे, मला आवडतो. पण तो एलरकांप होऊ शकत नाही."

सारंगनं हेही इमानदारीत मराठीत सांगितलं. सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

त्या संध्याकाळी बेर्न्टनं मला खूण करून बोलावलं. संध्याकाळ म्हणजे नावाला. जून महिना होता, जेवणं होऊन भांडी विसळली तरी ऊन उभंच. बेर्न्ट उंच, हडकुळा, बोलायला कंजूष. मी, तो आणि मागून सारंग, असे आम्ही शेताच्या कडेनं निघालो. मका गुडघ्याएवढा होता. मी सवयीनं वाकून मूठभर माती उचलली, चुरडली, सोडून दिली. रेताड माती. पाणी धरणार नाही, शेणखत मागणार. बेर्न्ट थांबून बघत होता. मग त्यानंही माती उचलली, माझ्यासारखीच चुरडली आणि शेणाचा वास घेतात तसं नाक ओढून दाखवलं. मी मान हलवली. माणूस कामाचा निघाला.

शेताच्या टोकाला ओढा होता आणि ओढ्याकाठी ओळीनं झाडं. काळपट खोडाची, गोल पानांची.

"हे एलर," बेर्न्ट म्हणाला. "पाण्याकाठीच वाढतं. ह्याचं लाकूड पाण्यात बुडवून ठेवलं तरी कुजत नाही. आणि कांप म्हणजे कुंपण घातलेलं शेत. झाडांजवळचं शेत. तेच नाव."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आमचं बोरगाव काय वाईट आहे?" मी म्हणाले. "विचार त्यांना. तेही झाडाचेच धनी, आम्हीही झाडाचेच. पोरीचं नाव एलरकांप आहे ना? राहू दे की तिला. आमचं पोरगं बोरगावकर राहील. दोघं मिळून गायी सांभाळतील. अडलंय कुठं?"

बेर्न्टनं ऐकून घेतलं. काठीनं ओढ्यातलं गवत बाजूला सारत उभा राहिला.

"मी इथला नाही," तो म्हणाला. "माझा जन्म टेकडीपलीकडच्या गावचा, हुल्समानांच्या घरचा. मी ह्या घरात लग्न करून आलो. आमच्या भागात पूर्वापार असंच आहे. शेत मुलीकडं असलं की येणारा पुरुष शेताचं नाव घेतो. मी शेताकडं आलो, शेत माझ्याकडं आलं नाही. लग्नाच्या दिवशी माझी आई रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो आणि गायींनी मला नाव विचारलं नाही."

सारंग हसला. मी हसले नाही.

"घर एक असलं की नावही एक," बेर्न्ट पुढं म्हणाला. "दोन नावं भाडेकरूंच्या दारावर असतात. माझ्या बायकोला मी शब्द दिलाय, ह्या दारावर एकच नाव राहील म्हणून. मला दुसरं काही येत नाही, शब्द पाळता येतो."

परत येताना मी मका न्याहाळत चालले. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. अशा माणसाला नाही म्हणणं फार जड जातं. तरीही मी नाहीच म्हणणार होते, हे खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून एलरकांप यायला लागले. गाड्यांतून, सायकलींवरून, एक म्हातारी तर ट्रॅक्टरवर नातवाशेजारी बसून. त्यांच्याकडं पूर्वी एकाच मोठ्या छपराखाली एका अंगाला माणसं आणि दोन्ही बाजूंना गुरं राहायची. मधल्या खळ्यासारख्या मोकळ्या जागेत आता लांबलचक टेबलं मांडली होती आणि त्यावर केक. इतके केक मी आयुष्यात एका जागी पाहिले नव्हते. गेसा दारात उभी राहून प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावत होती. सगळ्यांचं आडनाव एकच, म्हणून खाली गावाचं नाव. मला लावलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, वैजयंता मगदूम, तासगाव. सारंगच्या चिठ्ठीवर नुसतंच सारंग. पुढची जागा तिनं कोरी ठेवली होती.

कॉफी झाल्यावर रोल्फ उठला. त्यानं छान भाषण केलं, हे मान्य करायला हवं. कोण केव्हा खाणीत कामाला गेलं, कोण जहाजात बसून अमेरिकेला गेलं, कुठल्या युद्धात कुणाचं घर पुसलं गेलं. हात फिरेल तसतशी लोकांची डोकी नकाशावर फिरत होती. एक बाई डोळे पुसत होती. शेवटी त्यानं सगळ्या दाट ठिपक्यांवर तळहात ठेवला.

"हे सगळं एका रक्ताचं आहे," तो म्हणाला. "आणि मूळ घर त्याच रक्ताकडं राहायला हवं, असं मला वाटतं. बेर्न्टनं निर्णय सांगण्याआधी हे बोलणं माझं कर्तव्य होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी विरोधही केला नाही. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो रोल्फचा मुलगा पलीकडं फोनमध्ये मान घालून बसला होता.

गेसा उठली. तिनं बोट वर केलं. गाडीसकट बैल आत येईल एवढा तो दरवाजा, त्याच्या वरच्या तुळईवर जुनी अक्षरं कोरलेली होती.

"रोल्फमामा, ती पाटी तुम्हीच मला वाचायला शिकवलीत," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा ना."

रोल्फनं वाचली. सारंग माझ्या कानाशी लागला. हे घर बांधलं योहान एलरकांप, जन्मानं श्पेकमान, आणि त्याची बायको कातारिना एलरकांप यांनी.

"जन्मानं श्पेकमान म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तो माहेरचा श्पेकमान, आत्या."

पुरुषाला माहेर! मी तोंडावर पदर धरला.

"तुमचे पणजोबा ह्या योहानचेच नातू," गेसा म्हणाली. "रक्त फक्त पुरुषाकडून येत असेल, तर तुम्ही श्पेकमान. बाईकडून येत असेल, तर माझ्यातही आहेच. मग माझ्या नवऱ्याबद्दल एवढी चर्चा कशाला?"

लोक हसले. रोल्फही हसला, तेवढा तो दिलदार होता. पण त्यानं मुद्दा सोडला नाही. "योहान शेजारच्या गावचा होता. आपल्यातलाच. इथं गोष्ट वेगळी आहे. आणि मी एकटाच असं म्हणत नाही. ह्या मुलाच्या घरच्यांनाही हे नकोच आहे. त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाई इथं आल्यात. त्यांनाच विचारू."

असं म्हणून तो माझ्याकडं आला आणि वाकून एक चौकट माझ्या हातात दिली. काचेमागं नकाशा. ह्या वेळी आपला.

"तुम्ही पाहुण्या, म्हणून भेट आणली," तो म्हणाला. "बोरगावकर आडनावाची घरं कुठं कुठं आहेत ते शोधलं. रात्री उशिरापर्यंत बसलो. सगळी सापडली नसतील."

मला त्याचं खरंच कौतुक वाटलं. सांगली-साताऱ्याकडं ठिपक्यांचा झुबका, पुण्या-मुंबईत गर्दी, थोडे बंगळुरूला, एक तर पार अमेरिकेत. चष्मा लावून मी तासगाव शोधलं. सापडलं. लाल ठिपका.

"ह्या तुम्ही," रोल्फ म्हणाला.

"हा विलास," मी म्हणाले.

रोल्फनं माझ्या छातीवरची चिठ्ठी वाचली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. त्यानं सारंगला काहीतरी विचारलं. त्यात कुचकटपणा अजिबात नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"तो विचारतोय," सारंग हळूच म्हणाला, "तुम्ही बोरगावकर घराण्याच्या वडीलधाऱ्या. मग तुमचं नाव बोरगावकर कसं नाही?"

मी पुन्हा नकाशाकडं बघितलं. मी ज्या नावासाठी एवढ्या लांब भांडायला आले होते, त्या नावाच्या नकाशात मी कुठंच नव्हते. मग मान वर करून मी भिंतीवरच्या त्या मोठ्या नकाशाकडं बघितलं.

"त्यांना विचार," मी म्हणाले, "ह्या घरातनं लग्न होऊन गेलेल्या पोरी त्यात कुठं आहेत?"

रोल्फ गडबडला. "त्यांची नावं बदलली. त्या सापडत नाहीत."

"त्या गेल्या तेव्हा कुणी सभा भरवली होती का?"

पलीकडून ट्रॅक्टरवर आलेली म्हातारी मोठ्यानं "नाही!" म्हणाली. भाषांतराची गरजच नव्हती, तिनं टेबलावर हातही आपटला.

मी उठून उभी राहिले. दुकानात बोलते तसं बोलले, सारंगला भाषांतराला जागा ठेवत. "तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्याकडं पुरुष नाव बदलत नाही. मीही नाही म्हणायलाच आले होते. पण आमच्याकडं बाई बदलते, आणि नुसतं आडनाव नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझं नाव शेवंता. सासरी थोरल्या जावेचंही तेच होतं, घरात दोन शेवंता नकोत म्हणून मला वैजयंता केलं. नाव, आडनाव, एका दुपारी दोन्ही गेली. कुणी मला विचारलं नाही. ह्या पोराला त्याच्या सासऱ्यानं विचारलं, बायकोनं विचारलं, बापानं जाब विचारला, आता तुम्ही शंभर माणसं विचारताय. तो हो म्हणतोय. मग मी कोण नाही म्हणणारी?"

सारंगला पुढचं भाषांतर करता येईना. शेवटी गेसाच त्या सगळ्यांना म्हणाली, एवढंच, की आत्या हो म्हणते.

बेर्न्ट जागेवरून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन खालीवर हलवत राहिला. त्यानं काही जाहीर करायची गरजच उरली नाही. मी दुसऱ्या हातानं चष्मा काढला, कारण मला काही दिसेना.

पण खरं काम पुढंच होतं. मी फोन घेऊन अंगणात गेले. आपल्याकडं तेव्हा दिवेलागण झालेली असणार.

"विलास, मी हो म्हणाले."

तिकडून आधी नुसत्या बातम्या ऐकू आल्या. मग त्यानं टीव्ही बंद केला असावा.

"अक्का."

"लोक काय म्हणतील म्हणून बोलणार असलास तर..."

"लोकांना घाल चुलीत," तो म्हणाला. "लोकांचं मला काय न्हाई."

"मग तुझं काय आहे? दोन महिने पोराशी बोलला नाहीस ते कशापायी?"

"पंचमीला तुला न्यायला आलतो," तो म्हणाला. "मुराळी म्हणून. ध्यानात हाय?"

ध्यानात नसायला काय झालं? माझ्या लग्नानंतरची पहिली पंचमी. आपल्याकडं नव्या नवरीला सणाला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. विलास बारा वर्षांचा, नवी टोपी, हातात लाडवाचा डबा. वेशीपासून पळत आला असावा. अंगणात उभं राहून त्यानं जोरात हाक मारली, शेवंताक्का! आणि सोप्यातनं दुसरीच बाई "ओ" म्हणत बाहेर आली. माझी जाऊ. तिनं तरी काय करावं? हाक तिच्या नावाची होती.

"मी हाक तुला मारली आणि दुसरीच आली," विलास म्हणत होता. "मला वाटलं, तू न्हाईसच तिथं. तुझं काहीतरी केलं त्यांनी. त्या दिवसापासनं मी तुला नावानं हाक मारलेली न्हाई, अक्का. नुसतं अक्का म्हणतो. उद्या मी तिकडं जाईन, ह्याच्या दारात उभा राहीन, आणि त्या दारावर माझं नावच नसंल. ह्याला हाक मारली आणि कुणी दुसरंच आलं तर?"

त्रेपन्न वर्षांचा माझा भाऊ, गावात ज्याच्या शब्दाला वजन, तो फोनवर लहान पोरासारखा नाक ओढत होता. इतकी वर्षं मी समजत होते की तो मोठा झाला म्हणून नाव घेत नाही.

"विलास, ऐक. ती आली. पण तिच्या मागनं मी आले होते का नाही?"

"आलीस."

"लगेच आले का नाही?"

"हात धूत होतीस," तो म्हणाला. "ओले हात तसेच पदराला पुसत आलीस. आणि माझ्या तोंडावरनं फिरवलेस."

"मग? नाव बदललं म्हणून मी यायची राहिले का? तुझा सारंगही येईल. हाक तर मारून बघ."

बेर्न्ट दारात येऊन उभा होता. त्याला शब्द कळत नव्हते, पण त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. मी फोन कानाशी तसाच धरून होते.

"तुळशीचं लग्न लागलं की पहिला मुहूर्त धरा," विलास शेवटी म्हणाला. आवाज पुन्हा नेहमीचा, हुकमी झाला होता. "डिसेंबरात मला बागेतनं डोकं वर काढायला वेळ न्हाई. आणि त्या व्याह्याला सांग, फोटोतली ती टोपी घरी ठेवून ये. इथं मी त्याला फेटा बांधणार हाय. आता त्या गाढवाला फोन दे."

गाढव माझ्या मागंच उभं होतं. फोन त्याच्या हातात देऊन मी आत गेले आणि तीन तऱ्हांचे केक खाल्ले.

लग्न तासगावला झालं. रोल्फ आला नाही, पण त्यानं नवा नकाशा पाठवला. लाल ठिपके होते तिथंच होते. त्यांच्याभोवती आता हिरवे ठिपके होते, एलरकांपांच्या घरातून लग्न होऊन गेलेल्या मुलींचे, जितक्या सापडल्या तितक्या. हिरवे लालपेक्षा जास्त भरले. खाली त्यानं लिहिलं होतं, काम अजून चालू आहे.

मांडवात तांदळाचं ताट आलं तेव्हा भटजींनी सवयीनं ते सारंगपुढं सरकवलं. विलासनं ते उचललं आणि गेसापुढं ठेवलं. भटजी काही बोलणार तोवर त्यानं एकदाच त्यांच्याकडं बघितलं, आणि भटजींनी पुढचा मंत्र सुरू केला. स्वतःच्या बोटातली अंगठी काढून विलासनं गेसाच्या हातात दिली.

"लिही, पोरी."

गेसानं लिहिलं. सारंग एलरकांप. तिच्या लिपीत, मोठ्या गोल अक्षरांत, जीभ दातात धरून. फेटा कानावर उतरलेला बेर्न्ट वाकून बघत होता. नाव सारंगचं तेच ठेवलं होतं, तेवढी सवलत पुरुषांना मिळते. विलास ताटाकडं बघत राहिला. तांदळावर अक्षरं फार वेळ टिकत नाहीत, कुणाचा तरी धक्का लागला आणि अर्धं नाव मोडलंच.

मी तेव्हा मांडवात नव्हते. मागच्या अंगणात आचाऱ्याला पुऱ्यांचं पीठ मळून दाखवत होते, हे सगळं मला नंतर भावजयीनं सांगितलं. मी ऐकली ती फक्त हाक. मांडवाच्या मधोमध उभं राहून, शेपाचशे माणसांत, पाव्हण्या-रावळ्यांत, बेंबीच्या देठापासून मारलेली.

"शेवंताक्का!"

सगळा मांडव वळून बघायला लागला. पुढच्या रांगेत खुर्चीवर माझी जाऊ बसली होती, पंचाहत्तरीची, एका कानानं बहिरी. ती "ओ" म्हणाली आणि काठी शोधत उठायला लागली.

मी हात धुतले नाहीत, पुसलेही नाहीत. पीठभरल्या हातांनी पातेली ओलांडत, पोरं बाजूला सारत धावले. माझा भाऊ हात पसरून उभा होता, बारा वर्षांचाच.

ह्या वेळी मी तिच्या आधी पोचले.